चौथ्या कडव्याचे नव्वद सेकंद

२ सप्टेंबर, बुधवार

ही वही शोकसभेने दिली. शोकसभा म्हणजे आमच्या मानसशास्त्र विभागातला सगळ्यांत तरुण प्राध्यापक. माणूस गेल्यावर मागे उरलेल्यांच्या मनाचं काय होतं, हा त्याचा संशोधनाचा विषय, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं. स्वभावाने मात्र सदा हसरा, जिन्यात शीळ घालणारा. मे महिन्यात ही गेली त्याच आठवड्यात तो वही घेऊन घरी आला होता. म्हणाला, सर, रोज चार ओळी लिहीत जा. मी वही कपाटावर टाकली. आज काढली ती विभागाच्या कामासाठी. गैरसमज नको.

'ही' म्हणजे माझी बायको. चाळीस वर्षं तिचा उल्लेख असाच करत आलो. आता या वयात नवा शब्द कुठून आणू?

काम असं. विभागप्रमुखबाईंनी बोलावलं होतं. बाई एकेकाळची माझी विद्यार्थिनी, माझ्याच हाताखाली पीएच.डी. झालेली, त्यामुळे खोलीचं दार लावलं की मी तिला अजून 'तू'च म्हणतो. २४ तारखेला तपासणी समिती येणार आहे. आपला विभाग वेगळा ठेवायचा की शिक्षणशास्त्राच्या पोटात घालायचा, ते समिती ठरवणार. त्यासाठी माहितीपत्रक हवं. प्रत्येक प्राध्यापक काय शिकवतो, कशावर संशोधन करतो, एकशेवीस शब्दांत. बाकीच्यांनी लिहून दिलेलं वाचलं तर समितीला डुलकी लागेल, तुमची भाषा चांगली आहे, तुम्ही सगळ्यांना भेटून लिहा, असं तिचं म्हणणं. मी निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. आठवड्याला एक तास घेतो, तोही मानद. नाही म्हणायला कारण नव्हतं. हो म्हणायलाही नव्हतं.

तिच्या टेबलावर दुपारचा डबा तसाच पडला होता. हल्ली ती संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत विभागातच असते म्हणे. समितीचा ताण.

३ सप्टेंबर

आज रांगवाल्यांना भेटलो. हे गृहस्थ वीस वर्षं रांगेत उभ्या असलेल्या माणसांचा अभ्यास करताहेत. टपाल कचेरी, दवाखाना, तिकिटाची खिडकी, कुठेही रांग दिसली की हे वही घेऊन कडेला. त्यांच्या खोलीत शिरायला दोन कपाटांमधून आडवं व्हावं लागतं. मला म्हणाले, माणूस वाट बघायला कंटाळत नाही, किती वाट बघायची ते कोणी सांगत नाही म्हणून कंटाळतो. वाक्य चांगलं होतं. टिपून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, घरी जेवणाचं काय करता? मी म्हटलं, जेवतो. बराच वेळ ते माझ्याकडे पाहत राहिले. सवय असेल, माणसं न्याहाळायची.

५ सप्टेंबर

शोकसभेचे एकशेवीस शब्द लिहून झाले. त्याने त्याबदल्यात एक प्रश्नावली पुढे केली. सत्तावीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. गेलेल्या व्यक्तीची आठवण येऊन रडू येतं का. तिच्या वस्तू पाहवत नाहीत का. तिच्याशी काही बोलायचं राहून गेलं असं वाटतं का. मी त्याच्यासमोरच भरली, सात मिनिटं लागली. सगळीकडे शून्य.

आकडे खरे आहेत. मी स्वतःला फसवत नाही. चार महिन्यांत एकदाही रडू आलं नाही. तिच्या चपला दाराशी आहेत, त्या दिसतात, चपला दिसाव्यात तशा. हात फार वेळ अंगाखाली दबला की आपला वाटत नाही ना, तसं आहे. दुखत नाही. मुंग्या यायला लागल्या की दुखेल, असं माहीत असतं, म्हणून आपण हलवत नाही.

चौदाव्या प्रश्नात एकाच वाक्यात दोन प्रश्न विचारले आहेत, ते चुकीचं आहे, असं मी त्याला दाखवून दिलं. त्याने मान्य केलं. शून्यांबद्दल काही बोलला नाही. जाताना मात्र शीळ नव्हती.

८ सप्टेंबर

सगळ्यांचं लिहून झालं. उरलो मी. सकाळपासून चार वेळा सुरुवात केली.

खरं तर माझंच सोपं. अध्यापन: स्मृती. संशोधन: बालपणी पाठ केलेल्या कवितेचं पुढे काय होतं. चौतीस वर्षांपूर्वी मी बारा माणसं गोळा केली. सगळ्यांनी लहानपणी एकच क्रमिक पुस्तक वापरलेलं आणि त्यातली नावाड्याची कविता चौथीत पाठ केलेली. कवीचं नाव पुस्तकात छापलंच नव्हतं. जुनी पिवळट पानं, वर एका होडीचं चित्र, वल्ही होडीपेक्षा मोठी. आमचे मास्तर टेबलावर पट्टी आपटून ताल द्यायचे आणि आम्ही साठ पोरं एका सुरात:

चल नावाड्या, सोड किनारा,
दूर पैल तो दिवा बिचारा…

अजून ओठांवर आली की शाईचा वास येतो. पुढे केवढाली पुस्तकं वाचली, पण मनाच्या तळाशी जाऊन बसलं ते हेच. पाठ केलेली कविता ही माणसाची पहिली मालमत्ता, कोणी काढून घेऊ शकत नाही, असं मी वर्गात सांगतो. पोरं वहीत लिहून घेतात.

पाच कडवी. प्रत्येक कडव्यात एकेक उतारू. व्यापारी, शाळकरी मुलगा, म्हातारा, मग निजलेल्या लेकीला घेऊन बसलेली आई, आणि शेवटी रिकामी नाव. दर वर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी माणसं निरीक्षण-कक्षात यायची, टेप सुरू करून कविता म्हणायची. नियम दोनच. मधल्या वर्षभरात कविता वाचायची नाही, गुणगुणायचीसुद्धा नाही. आणि म्हणताना अडकलं तर मी काही सुचवायचं नाही. नव्वद सेकंद थांबायचं, मग पेन्सिल टेबलावर एकदा वाजवायची, म्हणजे त्यांनी पुढचं आठवेल ते म्हणावं.

बारातले अकरा हळूहळू गळाले. कोणी गाव बदललं, कोणी कंटाळलं, दोघे वारले. सगळी वर्षं टिकला तो एकच सहभागी. क्रमांक एक. ही.

माझं जे काही नाव आहे ते तिच्या विस्मरणावर उभं आहे. बाकीच्यांची कविता उंदराने कुरतडल्यासारखी गेली, इथला शब्द, तिथली ओळ. हिचं तसं नाही. पहिली दोन वर्षं पाचही कडवी चोख. नंतर चौथं कडवं मुळापासून गायब, आणि आजूबाजूचा एक शब्दही ढळलेला नाही. दर वर्षी तेच. यावरून मी मांडलं की स्मृती नेहमी झिजतेच असं नाही, कधीकधी तिचा आख्खा तुकडा एकदम गळतो. 'अखंड लोप' हे नाव मीच दिलं. ते अभ्यासक्रमात आहे.

हे एकशेवीस शब्दांत बसतं. तरी जमलं नाही.

९ सप्टेंबर

काही लिहिलं नाही. नळ गळतो आहे, त्याखाली भांडं ठेवलं.

११ सप्टेंबर

विभागातल्या कपाटातून टेपांचा खोका घरी आणला. माहितीपत्रकात एक छोटा तक्ता द्यावा म्हणून नोंदी पुन्हा तपासतो आहे.

पहिलं वर्ष: पाच कडवी. दुसरं वर्ष: पाच कडवी. त्या टेपमध्ये मागे ठकीचा, आमच्या लेकीचा, आवाज आहे. कोणाकडे ठेवायची म्हणून बरोबर आणली होती, शिपाईमामांनी बाहेर सांभाळली. तिसरं वर्ष: चाचणी नाही. ठकी त्या ऑगस्टमध्ये गेली. अडीच वर्षांची होती. तीन दिवस ताप. चौथ्या वर्षापासून चार कडवी, ती थेट गेल्या वर्षापर्यंत. एकूण तेहतीस चाचण्या, त्यांतल्या एकतीस चाचण्यांत लोप.

नोंदी अचूक आहेत. शांततेनंतर पाचवं कडवं सुरू व्हायला लागलेला वेळही दर वर्षी टिपला आहे. पेन्सिल वाजल्यावर दोन ते सहा सेकंद. निबंधात मी त्याला 'पुनःप्राप्तीचा विलंब' म्हटलं होतं. अक्षर त्या काळी बरं होतं माझं.

चाचणी संपली की ही दर वर्षी एकच विचारायची, झालं? मी म्हणायचो, झालं. मग टेपचं बटण बंद.

१४ सप्टेंबर, सोमवार

तासाला अखंड लोप शिकवला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिने विचारलं, सर, त्या बाईंना तुम्ही कधी विचारलं का, ते कडवं कुठे गेलं म्हणून? वर्ग हसला. मी समजावून सांगितलं की विचारलं की उत्तर तयार होतं, आणि तयार झालेलं उत्तर आठवणीत मिसळतं. प्रयोगकर्त्याचं पहिलं कर्तव्य म्हणजे गप्प बसणं. तिला पटलेलं दिसलं नाही. मन लावून ऐकत होती मात्र.

नंतर विभागप्रमुखबाईंकडे गेलो. माहितीपत्रकात पहिलं पान माझं ठेवायचं तिने ठरवलं आहे. समितीच्या अध्यक्षांनी अखंड लोपावर एक प्रकरण लिहिलंय म्हणे. तिचा स्वतःचा प्रबंधही त्यावरच. म्हणाली, सर, तुमचं पान म्हणजे विभागाचा कणा, अठरा तारखेपर्यंत द्या. बोलताना तिचे डोळे सुजलेले वाटले. मी म्हटलं, झोप पुरी घेत जा. ती हसली. खिडकीच्या कडेला घडी केलेली चादर आणि उशी होती. विभागात आता विश्रांतीची सोय झाली आहे, चांगलं आहे.

१७ सप्टेंबर, गुरुवार

ताई आल्या. हिची थोरली बहीण, वय पंचाहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. हिचे कपडे-बिपडे आवरून टाकायला आल्या आहेत. हे काम माझ्याच्याने होणार नाही असं त्यांनी मला न विचारताच ठरवलं. दारातून आत येताच आधी नळाखालचं भांडं पाहिलं आणि म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही मनाचे डॉक्टर, नळाचे नाही, ठाऊक आहे मला, पण वायसर तरी बदला.

दुपारी त्या पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मला सुचलं की त्याही त्याच शाळेतल्या, हिच्यापुढे दोन इयत्ता. म्हणजे तीच कविता. बहिणींमध्ये विस्मरण कसं चालतं ते पाहायला मिळेल. मी वही-पेन्सिल घेतली, घड्याळ काढलं, आणि म्हटलं, ताई, नावाड्याची कविता येते? आठवेल तेवढी म्हणा.

त्या हसल्या. म्हणाल्या, आता माझी परीक्षा घेता का? मग म्हणायला लागल्या. व्यापारी झाला, शाळकरी मुलगा झाला, म्हाताऱ्याच्या कडव्यात दोन शब्द चुकल्या. चौथ्यापाशी आवाज खाली आला. हातातली घडी तशीच राहिली.

हळू वल्हव रे, निजले पाणी,
निजली माझी इवली राणी,
उठली तर ती पुसेल मजला,
अजुनी का गे तीर न आला…

मग थांबल्या. मी घड्याळ लावलं. वीस सेकंद झाले, तीस झाले. पस्तिसाव्या सेकंदाला त्या म्हणाल्या, "पुढचं राहू दे. ठकीची आठवण येते."

मी विचारलं, का?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "का म्हणजे? याच कडव्यावर झोपवायची ना ती ठकीला. तुम्हाला माहीत नाही?"

मी म्हटलं, नाही.

"रोज संध्याकाळी. तुम्ही विभागातून यायच्या आत. चौथं कडवं आलं की पोर डोळे मिटायची. आधीची तीन नुसती वाट बघायला. मला म्हणायची, ताई, ह्यांना बोलू नकोस हं, मधल्या काळात कविता म्हणायची नाही असा नियम आहे, ह्यांचा प्रयोग बिघडेल."

मी विचारलं, आणि नंतर?

"नंतर काय. नंतर तिच्या तोंडून ते कडवं निघेना."

म्हणजे विसरली नव्हती?

ताईंनी घडीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "भाऊजी, आई असलं काही विसरते का हो? मी तिला एकदा म्हटलंसुद्धा, तुला त्रास होतो तर दर वर्षी त्या खोलीत जाऊन बसतेस कशाला? तर म्हणाली, हे घरात ठकीचं नाव काढत नाहीत. तिथे निदान दीड मिनिट माझ्यासाठी थांबून राहतात. कधीतरी विचारतील की."

मी पेन्सिल खाली ठेवली. त्यानंतर ताईंना, हे बोलणं कोणत्या वर्षी झालं ते नक्की आठवतं का, असं विचारलं. त्या उठून चहा टाकायला गेल्या.

१८ सप्टेंबर

आकडेमोड केली. एकतीस गुणिले नव्वद. दोन हजार सातशे नव्वद सेकंद. साडेसेहेचाळीस मिनिटं. वर्गाचा एक तास जवळजवळ.

ताई दुपारी गेल्या. कपड्यांची तीन गाठोडी बरोबर नेली, चपला मात्र दाराशी तशाच ठेवल्या. नळ दुरुस्त करून घेतला आहे त्यांनी. घर फार शांत झालं. त्या थेंबाची सवय झाली होती.

काही वाटलं का? लिहायचं म्हणून शोधलं. जेवलो, जेवण जेवणासारखं लागलं. प्रश्नावलीतला एक प्रश्न दोनदा आठवला, एकोणिसावा, बोलायचं राहून गेलं असं वाटतं का. मी शून्य लिहिलं होतं. तेव्हा ते खरं होतं. बोलायचं माझं काही राहिलं नव्हतं. राहिलं होतं ते तिचं, आणि त्याचा रकाना प्रश्नावलीत नाही.

१९ सप्टेंबर, शनिवार

सुट्टी असूनही विभागप्रमुखबाई विभागात होती. मी सगळं सांगितलं. निष्कर्ष मागे घ्यावा लागेल असंही सांगितलं.

तिने ऐकून घेतलं आणि एकेक मुद्दा मांडायला लागली, अगदी मी शिकवलं होतं तसा. साक्ष एकाच व्यक्तीची. तीही नात्यातली. तीही तीस-बत्तीस वर्षांनंतरची, मृत्यूच्या छायेत दिलेली. "सर, अशी आठवण पुरावा म्हणून धरायची नाही, हे मला पहिल्या वर्षी तुम्हीच सांगितलंत. त्यावरून माझी दोन पानं लाल केली होतीत."

खरं होतं.

ती पुढे म्हणाली की २४ तारीख जाऊ दे, विभाग वाचू दे, मग वाटल्यास एखादी टीप छापू. अखंड लोप काढला तर पहिल्या पानावर काय ठेवायचं? रांगा? आणि मग एकदम हळू आवाजात म्हणाली, सर, माझ्याकडे आता हे एवढंच उरलंय, हा विभाग. मला वाटतं प्रबंधाच्या काळजीने म्हणाली असावी. मी म्हटलं, पुरावा नसेल तर तुझंच बरोबर. आणि घरी आलो.

सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं.

२० सप्टेंबर, रविवार

सकाळी टेप लावली. चौथ्या वर्षाची.

एक गोष्ट नोंदवायला हवी. या एकतीस टेपा मी अनेकदा ऐकल्या आहेत, एकेक शब्द लिहून काढला आहे. पण शांतता कधी ऐकली नव्हती. तिसरं कडवं संपलं की बटण दाबून टेप पुढे पळवायची, पाचव्यापाशी थांबायचं, ही माझी पद्धत. नव्वद सेकंदांत नोंदण्यासारखं काय असणार?

आज पळवली नाही.

आधी नुसती खरखर. मग अगदी बारीक, ठप. पुन्हा ठप. पंखा असेल वाटलं. आवाज वाढवला. टेबलावर मायक्रोफोन असायचा, तिचा हात त्याच्याजवळ. ती थोपटत होती. बोटं जुळवून, टेबलाच्या लाकडावर, निजलेल्या मुलाला थोपटावं तसं.

कागद घेऊन मोजलं. चार थापा, मग श्वास. चार थापा, श्वास. सोळा झाल्या की मोठा श्वास आणि पुन्हा पहिल्यापासून. या कवितेच्या एका ओळीत चार ठेके पडतात, हे मास्तरांच्या पट्टीने माझ्या अंगात भिनवलं आहे. चार ओळी, सोळा ठेके. कडवं संपायला साधारण चोवीस सेकंद. ती ते म्हणत होती. तोंड मिटून, हाताने, एकामागून एक. तीन वेळा पूर्ण होऊन चौथी फेरी चालू असताना माझी पेन्सिल वाजते. ती लगेच थांबत नाही. उरलेल्या थापा पुऱ्या होतात, पोर निजल्याची खात्री करून उठावं तशी, आणि मग पाचवं कडवं सुरू होतं:

रिती फिरे मग नाव एकटी,
मंद दिव्याची सोबत पाठी…

दोन ते सहा सेकंद. पुनःप्राप्तीचा विलंब.

दुपारी जेवलो नाही. संध्याकाळपर्यंत एकतीसच्या एकतीस टेपा ऐकल्या. सगळ्यांत आहे. कागदावर चार-चारचे गट करून रेघा ओढत गेलो. गेल्या वर्षीच्या टेपमध्ये फेऱ्या दोनच आहेत. दुसऱ्या फेरीत थापा फार हलक्या, दोन तर अंदाजानेच धरल्या. मग हात थांबलेला. बाकीचा वेळ नुसता तिचा श्वास, आजारातला. मग माझी पेन्सिल. शेवटी ती विचारते, झालं? आणि एक माणूस म्हणतो, झालं.

मी तिच्यासमोर चार फुटांवर बसायचो. हात दिसत असणार. मी घड्याळाकडे बघत होतो.

२१ सप्टेंबर, तिसरा सोमवार

सवयीने दहा वाजता निरीक्षण-कक्षात गेलो. शिपाईमामांनीही सवयीने खोली झाडून, टेप मांडून ठेवली होती. ते दार ओढून बाहेर उभे राहिले.

मी आज पलीकडच्या खुर्चीत बसलो. सहभागीच्या. तिथून खिडकी दिसते आणि खिडकीतून व्हरांडा दिसतो, जिथे दुसऱ्या वर्षी मामांनी ठकीला खेळवलं होतं. माझ्या खुर्चीतून फक्त भिंत दिसते. हे मला माहीत नव्हतं.

टेप सुरू करून कविता म्हणायला लागलो. तीन कडवी बिनचूक. चौथ्याची पहिली ओळ ओठांशी आली आणि आवाज फुटला नाही. शब्द सगळे समोर उभे, स्वच्छ, पुस्तकात छापल्यासारखे. विसरलो नव्हतो. थांबून राहिलो, पेन्सिल वाजली की पाचवं म्हणावं म्हणून. पेन्सिल टेबलाच्या त्या बाजूला होती. तिथे कोणी नव्हतं.

केव्हातरी हात टेबलावर आपोआप हलायला लागला.

टेप संपून बटण आपसूक वर आलं तेव्हा मामांनी दार उघडलं. तीस मिनिटांची बाजू असते. ते म्हणाले, सर, पाणी आणू? मी म्हटलं, आणा. पाणी थंड होतं. दातांना लागलं. मे महिन्यानंतर काही लागल्याचं हे पहिल्यांदा नोंदवतो आहे.

घरी येऊन एका बैठकीत मजकूर लिहिला.

२२ सप्टेंबर

मजकूर इथे उतरवून ठेवतो:

"अध्यापन: स्मृती. संशोधन: सहभागी क्रमांक एक हिने तेहतीसपैकी एकतीस चाचण्यांमध्ये कवितेचं चौथं कडवं म्हटलं नाही. प्रस्तुत लेखकाने त्याला विस्मरण म्हटलं आणि त्यावर 'अखंड लोप' ही उपपत्ती उभी केली. ते विस्मरण नव्हतं. एकतीसही टेपांच्या शांततेत सहभागीच्या हाताच्या थापा मोजता येतात आणि प्रत्येक शांततेत ते कडवं पूर्ण आहे, बहुतेक वेळा चार वेळा. उपपत्ती मागे घेतली आहे. दोष उपकरणाचा नाही. प्रयोगकर्ता हा सहभागीचा नवरा आणि तिच्या गेलेल्या मुलीचा बाप होता, आणि त्याने विचारलं नाही. सध्याचा विषय: विसरलेलं आणि न बोललेलं यांतला फरक कसा ओळखावा. लेखक या विषयात नवशिका आहे. टेपा विभागात उपलब्ध आहेत. ऐकताना शांतता पुढे पळवू नये."

शब्द मोजले नाहीत.

चार वाजता विभागप्रमुखबाईच्या खोलीत गेलो. दार लावलं. रेघांचा कागद आणि एक टेप मजकुराबरोबर ठेवली. म्हटलं, पुरावा मागितला होतास. तिने मजकूर वाचला. रेघांच्या कागदावरून बोट फिरवलं, सोळा, सोळा, सोळा. मग कागद खाली ठेवून ती खिडकीकडे बघत बसली, त्या घडी केलेल्या चादरीच्या वरून.

मला वाटलं आता म्हणेल, विभाग बुडवलात. म्हणण्याचा तिला हक्क होता. ती काहीच बोलली नाही. शांतता वाढत गेली. सवयीने माझा डावा हात वर आला, घड्याळ बघायला. मी तो खाली घेतला. तिचा डबा आजही न उघडलेला, त्याच्या शेजारी कपडे धुण्याच्या साबणाची वडी. विभागप्रमुखाच्या टेबलावर साबण कशाला असेल?

मी विचारलं, "काय ग, घरी काय झालंय?"

ती बोलली. तिने जे सांगितलं ते माझ्या वहीत लिहायचं नाही. प्रबंधाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मध्येच उठून तिने तोंड धुतलं, परत येऊन पुन्हा बोलली. मजकुरातला एकही शब्द न बदलता तिने त्यावर सही केली आहे, पान पहिलंच ठेवलं आहे. परवा समिती काय करायचं ते करेल.

निघालो तेव्हा बाहेर दिवे लागले होते. किती वेळ झाला होता, सांगता येणार नाही.